वापरलेले सेल आणि बॅटऱ्या: गावातली साठवण, शहरातली पुनर्प्रक्रिया

विदर्भातल्या खेड्यात आज चार-पाच प्रकारच्या बॅटऱ्या नाहीत असे घर क्वचितच सापडेल. टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि भिंतीवरच्या घड्याळात पेन्सिल सेल असतात, जागलीला नेण्याच्या टॉर्चमध्ये चार्जिंगची बॅटरी असते, कपाशीवर फवारणी करण्याचा पंप बॅटरीवर चालतो, आणि रोही व रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनलाही बॅटरीच लागते. मोबाइल, मोटारसायकल, इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टर यांची भर वेगळीच. या सगळ्या बॅटऱ्या कधी ना कधी निकामी होतात, आणि त्यानंतर त्यांचे काय करायचे हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. एखादे घर, बचत गट, शाळा किंवा ग्रामपंचायत हे काम पहिल्यांदाच हाती घेत असेल, तर सुरुवात कशी करावी हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बॅटरीतून धातू परत मिळवणे हे कारखान्याचे काम आहे आणि ते गावात कोणीही करून पाहू नये. गावाने दोनच कामे करायची आहेत: निकामी बॅटऱ्या कोणाला इजा होणार नाही अशा रीतीने साठवायच्या, आणि त्या शहरातल्या योग्य हातांत पोहोचवायच्या. फोडणे, जाळणे आणि वितळवणे या तिन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात.

उकिरड्यावर का टाकू नये

शहरातला कचरा गाडीत बसून दूरच्या डेपोत जातो. खेड्यातला उकिरडा मात्र पुढच्या हंगामाचे खत असतो. त्यावर टाकलेला सेल शेणात आणि पालापाचोळ्यात गंजतो, फुटतो, आणि पावसाळ्याआधी खताच्या बंडीबरोबर आपल्याच वावरात जाऊन पडतो. साध्या सेलमधले जस्त आणि मँगनीज ही द्रव्ये पिकालाही थोड्या प्रमाणात लागतात, त्यामुळे एका सेलने वावर नासते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खरी काळजी आहे ती शिशाची, जुन्या चार्जिंगच्या सेलमधल्या कॅडमिअमची आणि काही बटण सेलमधल्या पाऱ्याची. हे धातू कुजत नाहीत, विरून जात नाहीत, आणि एकदा मातीत मिसळले की वेचून काढता येत नाहीत. उकिरडा पेटवून दिला तर त्यातला काही भाग धुरावाटे घरात शिरतो, आणि मोबाइलमध्ये असते तशी लिथियमची बॅटरी आगीत सापडली तर ती स्फोटासारखी फुटते.

जुने सेल फोडून आतली काळी पूड काढण्याची सवय अनेक गावांत होती. कोणी ती फळा काळा करण्यासाठी वापरीत, कोणी सारवणात मिसळीत, आणि मुले मधली कार्बनची कांडी खेळायला घेत. ही पूड मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची असते आणि तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. ही सवय कुठे उरली असेल, तर ती घरातल्या मोठ्या माणसांनीच थांबवली पाहिजे, कारण मुले त्यांचेच पाहून शिकतात.

पहिली पायरी: सेल खरोखर संपला आहे का, हे पाहावे

टॉर्चला किंवा मोटारीच्या खेळण्याला पुरेसा न पडणारा सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये आणखी काही महिने चालू शकतो, कारण त्यांना वीज फारच कमी लागते. गावातल्या वायरमनकडे किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मल्टिमीटर असतो. त्यावर नवा पेन्सिल सेल सुमारे १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो, आणि आकडा १ व्होल्टच्या खाली गेला की तो संपला असे समजावे. चार्जिंगचा निकेलचा सेल मात्र पूर्ण भरलेला असतानाही १.२ व्होल्टच्या आसपासच असतो, त्यामुळे त्याला या मापाने निकामी ठरवू नये. सेल उन्हात ठेवून किंवा दाताने चावून पुन्हा चालवण्याचा प्रयत्न करू नये. त्याने सेलचे कवच फुटते आणि आतले क्षार बाहेर येतात. नवा आणि जुना सेल एकाच उपकरणात जोडीने घालू नये, कारण त्यातला जुना सेल गळण्याची शक्यता वाढते.

दुसरी पायरी: प्रकार ओळखून वेगळे करावे

चार प्रकार करणे पुरेसे आहे; त्यांतल्या तिघांना डबे लागतात. पहिल्या डब्यात साधे पेन्सिल सेल आणि टॉर्चचे मोठे सेल ठेवावेत. त्यांच्यावर ‘झिंक कार्बन’, ‘अल्कलाइन’ किंवा ‘१.५ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. दुसऱ्या डब्यात बटण सेल ठेवावेत. तिसऱ्या डब्यात सर्व चार्जिंगच्या लहान बॅटऱ्या ठेवाव्यात, म्हणजे मोबाइलची चपटी बॅटरी, टॉर्चमधली नळीसारखी गोल बॅटरी, इअरफोनची डबी, पॉवर बँक. ज्या टॉर्चमधून किंवा खेळण्यातून बॅटरी सहज निघत नाही, ती उपकरणासकट तशीच ठेवावी; पेचकस घालून उचकटू नये. चौथा प्रकार शिशाच्या बॅटऱ्यांचा. त्या डब्यात मावणाऱ्या नाहीत, त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणती बॅटरी कोणत्या प्रकारची हे समजत नसेल, तर ती लिथियमची आहे असे धरून चालावे, म्हणजे काळजी आपोआप जास्त घेतली जाते. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारल्याचे चिन्ह असते. ही वस्तू घरच्या इतर कचऱ्यात टाकायची नाही, असा त्याचा अर्थ आहे. मुलांना हे चिन्ह दाखवून ठेवले, तर वेगळे करण्याचे काम ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

तिसरी पायरी: टोके झाकावीत

निकामी सेलमध्येही थोडी वीज शिल्लक असते. त्याची दोन टोके एखाद्या धातूच्या वस्तूने किंवा दुसऱ्या सेलने जोडली गेली, तर ती वीज एकदम वाहते आणि सेल तापतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला शेजारी-शेजारी असतात. खिशातल्या किल्लीने किंवा डब्यातल्या खिळ्यानेही ती जोडली जातात आणि कापूस पेटावा इतकी उष्णता निर्माण होऊ शकते. म्हणून ९ व्होल्टची बॅटरी, बटण सेल आणि सर्व चार्जिंगच्या बॅटऱ्या यांची टोके चिकटपट्टीने झाकल्याशिवाय डब्यात टाकूच नयेत. साध्या पेन्सिल सेलच्या बाबतीत धोका कमी असतो, तरी त्यांच्या उंचवट्याच्या टोकावर पट्टीचा लहान तुकडा लावण्याने काहीच बिघडत नाही.

बटण सेलसाठी एक सोपी पद्धत आहे. पारदर्शक चिकटपट्टीचा वीतभर तुकडा घ्यावा, चिकट बाजू वर करून पाटावर ठेवावा, त्यावर एकमेकांना न टेकतील असे सेल ओळीने मांडावेत आणि वरून दुसरी पट्टी दाबून बसवावी. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटासारखी पट्टी तयार होते. त्यात सेल मोजताही येतात आणि एखादा घरंगळून मुलाच्या हाती लागण्याची शक्यता राहत नाही.

बटण सेलविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण घरातल्या सर्व बॅटऱ्यांमध्ये लहान मुलाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका याच चकतीपासून असतो. लहान वजनकाट्यात, चाव्यांच्या रिमोटमध्ये आणि दिव्याच्या खेळण्यांत असणारी ‘सीआर २०३२’ ही चकती २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टची असते. मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओलाव्यामुळे तिथे वीज वाहू लागते आणि अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. चकती संपलेली असली तरी हा धोका टळत नाही. मुलाने चकती गिळल्याचा नुसता संशय आला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलटी करवू नये, खायला-प्यायला देऊ नये. याला अपवाद फक्त मधाचा आहे: मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि घटना बारा तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. त्याने आतली इजा थोडी कमी होते. मध शोधण्यासाठी मात्र एक मिनिटही थांबू नये. ही माहिती गावातल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना आवर्जून द्यावी.

चौथी पायरी: जागा निवडावी

डबे प्लास्टिकचे, कोरडे आणि झाकणाचे असावेत, पण झाकण हवाबंद बसणारे नसावे. पत्र्याचा डबा टाळावा, कारण त्याच्या धातूमुळेच टोके जोडली जाण्याची भीती असते. डब्यावर ठळक अक्षरांत ‘निकामी सेल, हात लावू नये’ असे लिहावे आणि तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा.

आपल्याकडे जागेचा प्रश्न दोन कारणांनी अधिक काळजीचा आहे. एक म्हणजे उन्हाळा. विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा टिनाखालची बंद खोली भट्टीप्रमाणे तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता मुळीच सोसत नाही. दुसरे म्हणजे कापूस. वेचणीनंतर भाव वाढेल या आशेने कित्येक कास्तकार कापूस घरातच भरून ठेवतात, आणि ज्या खोलीत कापसाची गंजी आहे त्याच खोलीत एखादा मोबाइल किंवा चार्जिंगचा टॉर्च रात्रभर लावून ठेवलेला असतो. निकामी बॅटऱ्यांचा डबा कापूस, कडबा, तुऱ्हाट्या, चूल आणि डिझेलचे कॅन यांच्यापासून दूर, सावलीच्या, हवेशीर आणि झडीच्या दिवसांत ओल न येणाऱ्या जागी ठेवावा. गावासाठी ही जागा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पक्क्या इमारतीत असणे चांगले. पण मुले बसतात त्या वर्गखोलीत ती असू नये.

सेल गळून पांढरा किंवा हिरवट क्षार बाहेर आला असेल, तर उघड्या हाताने पुसू नये. रबरी हातमोजे घालून किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तो सेल वेगळ्या पिशवीत बांधावा. अल्कलाइन सेलचा क्षार उपकरणात सांडला असेल, तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने टिपून घ्यावा आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसावे. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

फुगलेली लिथियमची बॅटरी

मोबाइलचे मागचे झाकण वर आले असेल, पॉवर बँक पोट निघाल्यासारखी दिसत असेल, किंवा बॅटरीला गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तर ती त्याच क्षणी वापरातून काढावी. ती पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू नये आणि टाचणीने हवा काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आतल्या दोन थरांमधला पातळ पडदा फाटला की बॅटरी स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत जाते आणि काही क्षणांत पेट घेते. तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

अशी बॅटरी लोखंडी घमेल्यात कोरड्या रेतीत ठेवावी, तिच्यावरही रेती पसरावी, आणि घमेले घराबाहेर, सावलीत, गोठ्यापासून व गंजीपासून लांब ठेवावे. ती इतर बॅटऱ्यांच्या डब्यात टाकू नये आणि लवकरात लवकर शहरात पोहोचवावी. बॅटरीतून धूर निघू लागला, तर आधी माणसांना, विशेषतः मुलांना, खोलीबाहेर काढावे. ती चार्जरला जोडलेली असेल तर मेन स्विच बंद करावा, आणि नंतर शक्य झाले तर लांबून भरपूर पाणी ओतत राहावे. आग विझल्यासारखी दिसली तरी अशी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिच्याजवळ जाण्याची घाई करू नये.

शिशाच्या बॅटऱ्या: पंप, झटका मशीन, मोटारसायकल, इन्व्हर्टर

फवारणी पंपात सामान्यतः १२ व्होल्टची सीलबंद शिशाची बॅटरी असते. काही नव्या पंपांत लिथियमची येते. पंपाच्या बॅटरीची एक अडचण बाकीच्यांना नसते, ती म्हणजे तिच्यावर बसलेला कीटकनाशकाचा थर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा जीव गेला, हे आपण विसरता कामा नये. पंपाची बॅटरी काढताना हातमोजे आणि तोंडाला फडके असावे, साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने ती बाहेरून पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच टोकांना पट्टी लावून ठेवावी. ते फडके पुन्हा घरात वापरू नये.

मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. ती नेहमी उभी ठेवावी, आडवी करू नये, आणि खाली लाकडी फळी ठेवावी. आम्ल सांडले तर त्यावर खाण्याचा सोडा किंवा कोरडी माती टाकावी, आणि ती माती उघड्यावर न फेकता जाड पिशवीत भरून बॅटरीबरोबरच द्यावी. भंगार घेणारे काही जण बॅटरीतले पाणी ओतून आणायला सांगतात, कारण त्यांना वजन फक्त शिशाचे हवे असते. त्यांचे हे म्हणणे कधीही मान्य करू नये. ते साधे पाणी नसून शिसे मिसळलेले आम्ल असते, आणि ते नालीत किंवा बोअरजवळ ओतणे म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्यावर संकट ओढवून घेणे आहे.

शिशाच्या प्लेटा चुलीवर वितळवून मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या गोळ्या तयार करणे हाही असाच जीवघेणा प्रकार आहे. शिशाची वाफ आणि धूळ भांड्यांवर, अंगणात आणि कपड्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानलेले नाही. त्याने मेंदूची वाढ खुंटते आणि ती हानी नंतर औषधाने भरून येत नाही.

शिशाच्या बॅटरीची विल्हेवाट लावणे मात्र सर्वांत सोपे आहे, कारण तिला किंमत येते. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी. दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतात, आणि ती रक्कम पक्क्या बिलावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. फेरीवाला चार पैसे जास्त देतो म्हणून त्याला देण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती बॅटरी पुढे कोणाच्या अंगणात फोडली जाणार आहे, हे त्या जास्तीच्या पैशांत दिसत नाही.

पाचवी पायरी: कोणाकडे द्यायचे ते आधी ठरवावे

देशात २००१ पासूनचे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरतेच होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले आणि घड्याळातल्या चकतीपासून विजेवर चालणाऱ्या गाडीपर्यंत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्यांत आणल्या. या नियमांनुसार निकामी बॅटरी परत गोळा करून तिच्यावर पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर किंवा आयातदारावर आहे. ग्राहकाचे कर्तव्य एवढेच आहे की त्याने ती इतर कचऱ्यात न मिसळता, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी. म्हणजे आपण दुकानात किंवा केंद्रात बॅटरी परत द्यायला जातो तेव्हा कोणाचे उपकार मागत नसतो, आणि बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी लहान सेल घेणारी जागा मिळेलच असे नाही. म्हणून आधी मोबाइलच्या अधिकृत सेवा केंद्रात आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या दुकानांत चौकशी करावी, त्यानंतर जवळच्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य व स्वच्छता विभागाला फोन करून ‘घरगुती घातक कचरा कुठे स्वीकारता’ असे नेमके विचारावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांना याच वर्गात घातले आणि त्यांच्यासाठी संकलन केंद्रे उभारण्याचे काम शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक कार्यालये नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर येथे आहेत, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरीविषयक पोर्टलवर मिळते. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र दिले, तर एकट्या माणसाच्या फोनपेक्षा उत्तर लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

फोनवर तीन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: कोणकोणते प्रकार घेतात, गळलेली किंवा फुगलेली बॅटरी घेतात का, आणि पोच देतात का. काही ठिकाणी फक्त चार्जिंगच्या बॅटऱ्या घेतात आणि साधे सेल परत करतात. कारण लिथियमच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांसारखे महाग धातू असतात, तर साध्या सेलमधून निघणाऱ्या पोलादाला आणि जस्ताला भाव कमी मिळतो. हे आधी कळले, तर हेलपाटा वाचतो.

सहावी पायरी: शहरात नेताना

एका सेलसाठी शहराची वारी कोणी करणार नाही आणि करूही नये. गावातून एरवीही कोणी ना कोणी बाजार समितीत, दवाखान्यात किंवा तहसीलच्या कामाने शहरात जातच असते. साधे सेल आणि बटण सेलच्या पट्ट्या तीन-चार महिने साठवून अशा माणसाबरोबर पाठवता येतात. चार्जिंगच्या बॅटऱ्या इतका काळ साठवू नयेत, आणि उन्हाळा लागण्याआधी त्यांचा डबा रिकामा झालेला असावा.

नेताना सेल कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत भरून, मधल्या फटीत रद्दी कागद दाबून बसवावेत, म्हणजे रस्त्याच्या खड्ड्यांत ते एकमेकांवर आपटत नाहीत. चार्जिंगची प्रत्येक बॅटरी वेगळ्या लहान पिशवीत असावी. फुगलेली बॅटरी आणि आम्लाची बॅटरी एसटीने किंवा प्रवासी जीपने नेऊ नये. त्यासाठी उघड्या मालवाहू गाडीची सोय पाहावी. टपालाने किंवा कुरिअरने कोणतीही निकामी बॅटरी पाठवू नये.

केंद्रात देताना प्रकार आणि वजन लिहिलेली पोच घ्यावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण आपण दिलेला सेल खरोखर कुठे गेला हे कळले, तर पुढच्या वेळी लोक स्वतःहून डब्यापर्यंत येतात. रिकामे झालेले डबे कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा त्याच कामाला घ्यावेत. त्यांत धान्य, डाळ किंवा मीठ कधीही भरू नये.